तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर फोटो न्यायला पाच तास: वायफायवर शेअर केलेलं फोल्डर इतकं हळू का?

छायाप्रकाश_३०

नमस्कार मंडळी. धंदा लग्नाच्या फोटोंचा. सदाशिव पेठेत तळमजल्यावर स्टुडिओ, बरोबर डोक्यावर पहिल्या मजल्यावर घर. खाली पीसी, त्यात ८ टीबीची हार्डडिस्क, कार्डं तिथेच रिकामी होतात. वर भाचा लॅपटॉपवर सिलेक्शन आणि कलर करतो. त्याने खाली येऊन बसावं असं माझं म्हणणं होतं, पण खाली गिऱ्हाइकांची ये-जा, टेबलभर पसरलेल्या अल्बमच्या शीट, शिवाय साहेबांना काम सुचतं रात्री अकरानंतर. म्हणून पीसीवरचं 'डेटा' नावाचं फोल्डर शेअर केलं आणि लॅपटॉपवर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून लावून दिलं. दोन्हीकडे विंडोज ११.

चालतं, पण चालणं म्हणावं का हा प्रश्न आहे. एका लग्नाचा ६४ जीबी डेटा वर न्यायला घेतला की कॉपीच्या खिडकीत सेकंदाला साडेतीन मेगाबाइट, आणि उरलेला वेळ पाच तास. मध्येच दोनशे-तीनशे किलोबाइटवर येऊन बसतं. मी खाली बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेत असलो की हमखास. भाचा म्हणतो, मामा, मी पेनड्राइव्ह घेऊन जिना चढतो, लवकर होईल. आणि करतोही तसंच. मग एकाच लग्नाच्या दोन प्रती होतात आणि सिलेक्शन झालेली कुठली, कच्ची कुठली, यावर घरात वाद. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू, त्याआधी हे मार्गी लावायचंय.

इंटरनेट २०० एमबीपीएसचं आहे, मोबाइलवर स्पीड टेस्ट घेतली की १८० दाखवतं. राउटर वर घरात, हॉलच्या दाराशी. पीसीत वायफाय नव्हतं म्हणून नखाएवढा यूएसबी डोंगल लावलाय. इमारत जुनी, भिंती विटांच्या आणि चांगल्या जाड, मधला स्लॅब काँक्रीटचा. इंटरनेटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला ३०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का?


कोथरूड_३८

मेश वायफाय घ्या. एकच वायफाय घरभर पसरवणाऱ्या दोन डब्यांचा सेट, एक वर एक खाली. आमच्याकडे लावल्यापासून बाल्कनीतसुद्धा फुल दांड्या. विषय संपला.


बाणेरकरीण

प्लॅन अजिबात वाढवू नका. तुमचा फोटो खालून वर जाताना इंटरनेटवर जातच नाही, राउटरपर्यंत येतो आणि तिथूनच लॅपटॉपकडे वळतो. प्लॅन ५० चा केलात तरी ही कॉपी याच वेगाने चालेल आणि १००० चा केलात तरी याच.

शिवाय कॉपीच्या खिडकीत दिसतात ती मेगाबाइट. प्लॅनवर, डोंगलच्या आणि राउटरच्या खोक्यावर छापलेले असतात ते मेगाबिट. आठाने भागायचं. तुमची साडेतीन मेगाबाइट म्हणजे २८ मेगाबिट झाली. मोबाइलवरचे १८० राउटरजवळ उभं राहून मिळालेले दिसतात. डोंगलला त्यातलं काय मिळतं हे त्यावरून कळत नाही.

ऑफिसात माझं कामच हे आहे, त्यामुळे आधी माहिती मागते. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस ही कमांड द्या, टाइप अर्थातच रोमनमध्ये. त्यात बँड (वायफायचा पट्टा, २.४ की ५ गिगाहर्ट्झ), चॅनेल आणि रिसीव्ह-ट्रान्समिट रेट दिसतील. ते इथे लिहा. आणि मेशबद्दल: दोन डबे आपसात वायफायनेच बोलणार असतील तर हवेतली एक फेरी आणखी वाढते. दांड्या फुल दिसतील, कॉपी जोरात होईलच असं नाही.


तारखात्यातला

माझं आयुष्य टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेलं. निवृत्त आहे, सहकारनगरला राहतो, सोसायटीतल्या सगळ्यांचे राउटर माझ्या गळ्यात आहेत. एक पैसाही खर्च करण्याआधी मोजमाप करा.

आयपर्फ३ नावाचा एक फुकट प्रोग्राम मिळतो. तो डिस्कला हात लावत नाही, फाइल उघडत नाही. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनकडे नुसता डेटा पाठवत राहतो आणि किती पोचला ते सांगतो. पीसीवर तो सर्व्हर म्हणून चालवा, फायरवॉल विचारेल तेव्हा प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी द्या, आणि लॅपटॉपवरून क्लायंट म्हणून जोडा. एकदा साधा, एकदा उलट दिशेचा आर हा स्विच लावून, कारण तुमची वाहतूक पीसीकडून लॅपटॉपकडे आहे. आयपर्फचा आकडा आणि कॉपीचा आकडा सारखे आले तर दोष हवेत आहे. आयपर्फ चांगला आणि कॉपी रडकी असेल तर डिस्क, अँटिव्हायरस किंवा फाइलींचा आकार बघायचा. हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हीवर एकच औषध घेतात, नवा राउटर.

आता माझा प्रश्न. डोंगल पीसीला नेमका कुठे खोचलाय? आणि बॅकअपची डिस्क त्याच्या शेजारच्या निळ्या खाचेत असते का? बॅकअप चालू असला की हमखास अडकतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला त्या वाक्यात जास्त रस आहे.


छायाप्रकाश_३०

रात्री भाच्याला बसवून सगळं घेतलं.

पीसी: बँड २.४ गिगाहर्ट्झ, चॅनेल ३, रेट ७२. डोंगलच्या खोक्यावर १५० छापलंय, ते कुठे गेले माहीत नाही.
लॅपटॉप: तोही २.४ वरच, रेट १४४. राउटर दोन्ही बँडचा आहे, पण दोन्हींना नाव एकच दिलेलं आहे, त्यामुळे लॅपटॉप आपल्या मनाने चिकटतो.
आयपर्फ, पीसीकडून लॅपटॉपकडे: २९ मेगाबिट. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप चालू ठेवून: ४, कधी २.

काका, तुम्हाला कसं कळलं ते कळत नाही, पण डोंगल पीसीच्या मागे आहे आणि बाहेरची डिस्क त्याला खेटूनच निळ्या खाचेत. पीसी टेबलाखाली, पाठ भिंतीकडे.


तारखात्यातला

आता सगळं जुळतं. जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे दर आठवड्याला कोणीतरी येतं.

७२ कुठून आले? तुमचा डोंगल एका अँटेनाचा, वायफायच्या जुन्या एन पिढीतला. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर त्याचा कमाल रेट ७२. १५० हा आकडा ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा आहे आणि पेठेत २.४ वर तेवढी मोकळी जागा मिळणं कठीण. शेजारपाजारची वायफाय ऐकू आली की चांगला राउटर स्वतःच २० वर येतो. बरं, ७२ हासुद्धा लिंकचा रेट. पोचपावत्या, वाट बघणं, चुकलेलं पुन्हा पाठवणं हे सगळं त्यातूनच जातं. प्रत्यक्ष फाइलीच्या वाट्याला साधारण निम्मे ते साठ टक्के येतात, म्हणजे चाळीसच्या आसपास मेगाबिट.

मग २९ का? कारण तुमची दोन्ही मशीन एकाच बँडवर एकाच राउटरला आहेत. वायफाय म्हणजे एका वेळी एकानेच बोलायची सभा. पीसी बोलतो तेव्हा लॅपटॉप गप्प, राउटर लॅपटॉपशी बोलतो तेव्हा पीसी गप्प. फोटोचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो: पीसी ते राउटर, राउटर ते लॅपटॉप. दोन्ही फेऱ्यांचा वेळ एकाच हवेतून कापला जातो. तारेवर तसं नसतं, तिथे जायची आणि यायची वाट वेगळी असते. तुमचे २९ मेगाबिट म्हणजे साडेतीन मेगाबाइटच झाली. कॉपी आणि आयपर्फ सारखे आले, म्हणजे विंडोज, डिस्क आणि शेअरिंग तूर्त निर्दोष.

चॅनेल ३ हाही उपद्रवच. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तिसऱ्यावर बसलेला माणूस पहिल्याचं आणि सहाव्याचं, दोन्हींचं ऐकतो आणि दोघांनाही त्रास देतो. राउटरचं ऑटो काढून टाका. मोबाइलवर वायफाय अॅनलायझरचं एखादं अॅप घेऊन या तिघांपैकी कमी गर्दीचा कुठला ते बघा आणि रुंदी २० वर बांधून टाका.

आता बॅकअपची गोष्ट. ती निळी खाच यूएसबी ३.० ची. तिच्यातून सिग्नल सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने धावतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. हा माझा तर्क नाही. इंटेलनेच २०१२ साली यावर एक टिपण काढलं होतं. डिस्क, तिची केबल आणि पीसीची खाच, तिन्हीकडून गळती होऊ शकते. तुमचा नखाएवढा डोंगल त्या गळतीपासून दोन बोटांवर बसलाय, वर पीसीचा पत्रा आडवा आणि पाठीशी भिंत. त्याला राउटर ऐकू येतो हेच विशेष. बिनतारी माउस असाच मध्ये मध्ये अडखळत असेल तर त्याचंही कारण हेच.

उद्या इतकंच करा:

यूएसबी २.० ची मीटरभर एक्स्टेन्शन केबल आणा, डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर ठेवा, डिस्कपासून लांब. केबल २.० चीच हवी आणि पीसीला काळ्या खाचेत.

राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉप त्यावर बांधा. म्हणजे वरची फेरी ५ वर आणि खालची २.४ वर, दोघं एकमेकांच्या हवेत येणार नाहीत.

यानेच दुप्पट व्हायला हवं. पण खरा इलाज वेगळा आहे. जो पीसी जन्मात जागेवरून हलणार नाही त्याला वायफाय कशाला? वरून खाली तार टाका.


नवा_पाहुणा

मध्येच विचारतो, राउटरच्या मागे यूएसबीची खाच असते, बाहेरची डिस्क सरळ तिथेच लावली तर? पीसी चालू ठेवायलाच नको.


बाणेरकरीण

चालतं, पण लग्नाच्या डेटासाठी मी लावणार नाही. घरगुती राउटरचा प्रोसेसर लहान असतो, विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची डिस्क वाचता-लिहिता त्याला धाप लागते. शिवाय शेअरिंगची पद्धत बऱ्याच राउटरमध्ये जुनी, एसएमबी १ असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. त्याच वर्षीच्या अपडेटपासून विंडोज १० नव्याने टाकलं की एसएमबी १ त्यात मुळातच येत नाही. "नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही, एसएमबी १ चालू करा" असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते करू नका. गाणी-सिनेमे ठेवायला राउटरची खाच ठीक.


छायाप्रकाश_३०

एक्स्टेन्शन केबल घरातच सापडली, जुन्या प्रिंटरबरोबरची. तिचं टोक डोंगलला बसत नव्हतं, म्हणून शेवटी कोपऱ्यावरून दुसरी आणली. चॅनेल ११ केला, रुंदी २०. लॅपटॉप ५ वर.

आयपर्फ ४७. कॉपी साडेपाच मेगाबाइट. आणि बॅकअप चालू ठेवला तरी ४५! भाचा म्हणाला, मामा, हे त्या काकांना सांगा.

तरी ६४ जीबीला तीन तास होतातच. त्यामुळे तारेचं मनावर घेतलं. आमच्याकडे तार आहेच, हे लक्षातच आलं नव्हतं. स्टुडिओच्या दारावर कॅमेरा बसवला तेव्हा त्या माणसाने वरच्या राउटरपासून खालपर्यंत जिन्यातल्या पाइपमधून लॅनची तार टाकली होती. कॅमेऱ्याचं टोक काढून पीसीला लावून बघितलं. डोंगल बंद.

आयपर्फ: ९४. परत घेतलं: ९४. उलट दिशेनेही ९४. कॉपी ११ मेगाबाइट. दीड-पावणेदोन तासांत ६४ जीबी. तक्रार नाही, पण दर वेळी ९४च कसे येतात?


तारखात्यातला

आकडा असा खिळ्यासारखा बसला की समजायचं, हवेचा आकडा नव्हे. हवेचा आकडा डोलतो. १०० मेगाबिटच्या लॅनवर सगळा खर्च वजा जाता ९४ उरतात, आणि गिगाबिटवर, म्हणजे १००० मेगाबिटच्या लॅनवर, ९४० च्या आसपास. म्हणजे पीसी आणि राउटर यांच्यात गिगाबिट न जुळता १०० जुळलंय.

कारणं दोनच. एक, राउटरची ती खाचच १०० ची असेल. बऱ्याच डब्यांमध्ये एकच खाच गिगाबिट असते आणि बाकीच्या १०० च्या. डब्याच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. दोन, तारेच्या आठपैकी चारच धागे जोडलेले असतील. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, पिना १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. कॅमेऱ्याला १०० पुरतात, त्यामुळे कॅमेरेवाले कित्येकदा उरलेल्या दोन जोड्या दुसऱ्याच कामाला लावतात. तारेच्या टोकाच्या क्लिपच्या पारदर्शक तोंडातून बघा, आठ रंग दिसतात का. घरात कुठे बेल किंवा इंटरकॉम आहे का?


छायाप्रकाश_३०

आहे. इंटरकॉम आहे. खालून वर "चहा पाठव" सांगायला.

राउटरच्या चारही खाचा गिगाबिटच्या आहेत, ते डब्यावर लिहिलंय. क्लिपमध्ये चारच धागे: नारिंगी आणि हिरव्याची जोडी. निळी आणि तपकिरी जोडी वर वळवून टेप मारलेली, तिथून इंटरकॉमला. खालीही तेच.

इंटरकॉम तात्पुरता सोडवला, दोन्ही टोकांना आठही धागे घालून नव्या क्लिपा मारून घेतल्या. चौकातल्या कॅमेरेवाल्यानेच मारल्या, काम स्वच्छ केलं. पीसीवर लिंक १ गिगाबिट दाखवतो. लॅपटॉप राउटरच्या पुढच्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झवर, रेट ७८०. आयपर्फ ४३० च्या आसपास, आता मात्र डोलतोय. कॉपी ४८ मेगाबाइट! पूर्ण लग्न पंचवीस मिनिटांच्या आत वर.

पण दोन गोष्टी अजून खटकतात. रॉ फाइलींचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फोटोंचं, फोल्डर भर्रकन जातं, सिलेक्शन-कलरच्या लाइटरूम प्रोग्रामच्या प्रीव्ह्यूचं फोल्डर मात्र आकाराने लहान असून रांगत जातं, आकडा एक-दोन मेगाबाइटच्या वर सरकत नाही. आणि भाचा अल्बमची १२ बाय ३६ ची शीट सरळ नेटवर्क ड्राइव्हवरून फोटोशॉपमध्ये उघडतो. सेव्ह दाबलं की तोपर्यंत गॅलरीत जाऊन येतो.


बाणेरकरीण

आता काकांनी सांगितलेला दुसरा आजार. हवा आणि तार दोन्ही सुटल्या, राहिली ती फाइलींची संख्या.

शेअर केलेल्या फोल्डरमधून एक फाइल न्यायची तर नुसता मजकूर जात नाही. फाइल आहे का, उघडू दे, आकार सांग, तारीख सांग, वाचू दे, बंद कर, आणि प्रत्येक वेळी पलीकडून उत्तर येईपर्यंत थांबायचं. समजा अशा दहा फेऱ्या आणि वायफायवर प्रत्येकी ५ मिलिसेकंद, तर एका फाइलीमागे ५० मिलिसेकंद. २५ मेगाबाइटच्या रॉ फाइलीत ते जाणवतही नाही. पण प्रीव्ह्यूच्या २०,००० चिमुकल्या फाइली असतील तर सगळ्या रिकाम्या असल्या तरी १,००० सेकंद, सतरा-एक मिनिटं नुसत्या विचारपूशीत जातात. इथे रुंद रस्ता कामाचा नाही.

म्हणून प्रीव्ह्यूचं फोल्डर कॉपीच करू नका, ते लॅपटॉपवर पुन्हा तयार होतं. अशी दुसरी बारीक फाइलींची फोल्डरं न्यायची असतील तर एक्सप्लोररमध्ये ओढण्याऐवजी रोबोकॉपी वापरा, विंडोजमध्येच असतं. एमटी स्विच लावून १६ आकडा द्या, म्हणजे १६ फाइलींच्या विचारपुशी एकाच वेळी चालतात; काही न दिल्यास तो एका वेळी एकच नेतो, नुसतं एमटी म्हटलं तर ८. झेड स्विच इंटरनेटवर सर्रास सुचवतात, तुटलेली कॉपी पुढे चालू ठेवायला. त्याने वेग पडतो, घरात नको. झिप करायची झाली तर कॉम्प्रेशन शून्य ठेवून करा. जेपेग आणखी आवळत नाही, उगाच वेळ जातो. फायदा फक्त हजार फाइलींची एक फाइल होण्याचा.

भाच्याला मात्र माझा वेगळा सल्ला आहे. त्याने अख्खं लग्न वर न्यावंच का? लाइटरूम क्लासिकमध्ये स्मार्ट प्रीव्ह्यू असतात, लांब बाजू २५६० पिक्सेलची हलकी प्रत. खाली कार्ड रिकामं करतानाच ते बनवायला लावा. कॅटलॉग (लाइटरूमची नोंदवही) आणि स्मार्ट प्रीव्ह्यू तेवढे लॅपटॉपवर न्यायचे. सिलेक्शन आणि कलर त्यावर होतं, मूळ रॉ खालीच राहतात, शेवटी एक्स्पोर्टच्या वेळी त्यांची गरज. कॅटलॉग नेटवर्क ड्राइव्हवर ठेवायचा विचार करत असाल तर लाइटरूम तो उघडणारच नाही, आणि ते बरंच आहे. तुमचा दोन प्रतींचा वादही यातून सुटेल, कारण रॉची प्रत एकच राहते.

शीटचं गणित: १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल. एकच थर ११६ मेगाबाइटच्या पुढे. सात-आठ थर आणि मास्क धरले की फाइल सहज जीबीकडे सरकते, आणि प्रत्येक सेव्हला ती सगळी पुन्हा खाली लिहिली जाते. फोटोशॉपची फाइल आधी स्वतःच्या डिस्कवर घ्यायची, काम करायचं, संपल्यावर परत ठेवायची. खुद्द अडोबीही हेच सांगते, आणि सेव्ह चालू असताना वायफाय सुटलं तर शीटचं काय होईल ते मी सांगायला नको.

एक छोटं: लॅपटॉपवर ते फोल्डर उघडलं की एक्सप्लोरर थंबनेल बनवण्यासाठी प्रत्येक रॉ वाचायला लागतो आणि तुमच्या कॉपीशी भांडतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये थंबनेलऐवजी नेहमी आयकॉन दाखवा असा पर्याय आहे, तो लावा.


कोथरूड_३८

मी असंही वाचलं की विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटमध्ये एसएमबी साइनिंग सक्तीचं केलंय आणि त्याने वेग निम्मा होतो. ते बंद केलं तर ४८ चे ९६ होतील का?


बाणेरकरीण

सक्ती आहे हे खरं. पण साइनिंग म्हणजे प्रत्येक पुडक्यावर सही, वाटेत कोणी बदललं नाही याची खात्री. त्याचा भार प्रोसेसरवर पडतो, हवेवर नाही. जुनं, दुबळं नॅस (नेटवर्कला लावायचा डिस्कचा डबा) असेल किंवा १० गिगाबिटची तार असेल तर फरक दिसतो. अलीकडच्या पीसीवर ४८ मेगाबाइटला तो ढिम्म हलत नाही. आयपर्फमध्ये साइनिंग नसतं, तिथे ४३० मेगाबिट म्हणजे ५३ मेगाबाइट आलेत आणि कॉपी ४८ देते. उरलेली पाच वाचवायला दार उघडं टाकायचं का? लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत.

त्याच ओघात: फोल्डरला पासवर्ड आहे ना? एव्हरीवनला, म्हणजे कोणालाही, पूर्ण परवानगी असं ठेवलं असेल तर काढा. भाच्याचं वेगळं खातं पीसीवर करा आणि मूळ रॉच्या फोल्डरला त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. रात्री अकरानंतर चुकून डिलीट दाबलं गेलं तरी काही बिघडणार नाही.


छायाप्रकाश_३०

"एव्हरीवन"च होतं. काढलं. भाचा थोडा रुसला, पण स्मार्ट प्रीव्ह्यू बघून खूश आहे. काल रात्री अख्ख्या लग्नाचं सिलेक्शन केलं आणि नेटवर्कला हातही लावला नाही.

आता कॅमेरा आणि इंटरकॉम लोंबकळतायत. कॅमेऱ्याविना दोन दिवस निघतील, पण इंटरकॉमविना घरातून बोलणी बसतायत. पुन्हा पाइपमधून काय घालू? आणि कोथरूडकर, तुमचं मेश राहू द्या, पण इतक्या आपुलकीने दोनदा आलात, आभार.


तारखात्यातला

तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जा. खाली पीसीजवळ पाच खाचांचा गिगाबिट स्विच ठेवा, साधा, सेटिंग नसलेला. वरून आलेली तार स्विचला, स्विचमधून एक पीसीला, एक कॅमेऱ्याला. कॅमेऱ्याला वीज त्याच तारेतून जात असेल तर मात्र त्याचा पॉवरचा डबा स्विच आणि कॅमेऱ्याच्या मध्ये येईल, ते कॅमेरेवाल्याकडून बघून घ्या.

इंटरकॉमला लॅनची तार वाया घालवू नका. दोन धाग्यांची साधी टेलिफोन वायर मीटरवर मिळते, ती त्याच पाइपमधून ओढा. लॅनच्या तारेला बांधून तिच्याबरोबर खेचायचा मोह होईल, तो टाळा. नव्या क्लिपा निघून येतील. ओढायला स्प्रिंग मागा, इलेक्ट्रिशियन देतो.

लॅनची जास्तीची तार घेतलीत तर दुकानदाराला कॉपर आहे की सीसीए ते विचारा. सीसीए म्हणजे वरून तांब्याचा मुलामा, आत अॅल्युमिनियम. स्वस्त पडते, पण क्लिपेत दोनदा वाकवली की तुटते आणि तुम्ही परत ९४ वर येता. चाकूने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या. कॅट ५ई पुरे आहे, शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते. तुमचा जिना एवढासा, कॅट ६ कोणी गळ्यात मारत असेल तर घ्यायची गरज नाही.

स्विच लावल्यावर पुन्हा एकदा आयपर्फ घ्या आणि आकडा इथे टाका. ९४ आला तर आधी स्विचवरचा दिवा बघा, बऱ्याच स्विचवर गिगाबिटला हिरवा आणि १०० ला नारिंगी असतो.